आहारजन्य मेदयुक्त यकृत आणि प्रयोगशाळेतील उंदीर : एका संशोधनपद्धतीची चिकित्सा

सारांश :
मद्यपान न करणाऱ्या व्यक्तींच्या यकृतात साठणाऱ्या मेदाचा अभ्यास करण्यासाठी जगभरातील प्रयोगशाळांमध्ये उंदरांना विशिष्ट आहार देऊन त्यांच्यात हा विकार घडवून आणला जातो. प्रस्तुत लेखात अशा प्रमुख आहार-प्रतिमानांची तुलना केली आहे. 'मेदयुक्त यकृताचा उंदीर' असा कोणताही एक उंदीर नसून प्रत्येक आहार रोगाचा एक वेगळा भाग निर्माण करतो. त्यामुळे निष्कर्ष वाचताना आहाराचा तपशील दुय्यम मानणे ही मूलभूत चूक ठरते. तसेच भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या कृश रुग्णाचा प्रश्न हे आहार क्वचितच विचारतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मेदयुक्त यकृत, प्राणि-प्रतिमान, कोलीन, पाश्चात्त्य आहार, तंतुभवन, कृश रुग्ण.

प्रस्तावना :
पदव्युत्तर वर्गात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शोधनिबंध वाचावयास शिकवताना प्रस्तुत लेखकाने एकदा मेदयुक्त यकृतावरील एका औषधी वनस्पतीच्या प्रयोगाचा निबंध निवडला होता. निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात लठ्ठपणा, मधुमेह आणि बैठी जीवनशैली यांचा उल्लेख होता. वाचन संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तक्त्यामध्ये या उंदरांचे वजन जवळजवळ एक तृतीयांशाने घटलेले दिसते. मग हे लठ्ठपणाच्या आजाराचे उंदीर कसे?" प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर निबंधात कोठेही नव्हते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना जे हाती लागले, त्याची मांडणी करणे हे या लेखाचे उद्दिष्ट आहे.

येथे प्राण्यांवरील प्रयोगांना सरसकट विरोध करण्याचा हेतू नाही. यकृताचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे रुग्णाच्या बाबतीत वारंवार करता येत नाही. उंदराच्या बाबतीत करता येते. प्रश्न एवढाच आहे की, उंदराच्या यकृतात जे दिसते ते नेमके कशाचे उत्तर आहे?

पूर्वपीठिका :
आहारातून यकृतात मेद साठवता येतो, हे ज्ञान लठ्ठपणाच्या अभ्यासातून आलेले नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर जगवता येऊ लागले. मात्र त्यांच्या यकृतात मेद साठून ते दगावत. आहारात कच्चे स्वादुपिंड, आणि पुढे लेसिथिन दिल्यास हे टळते, असे दिसून आले. चार्ल्स बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ च्या सुमारास दाखवून दिले की, लेसिथिनमधील कोलीन हा त्यातील कार्यकारी घटक आहे. म्हणजेच या संशोधनाचा उगम अतिरिक्त अन्नात नसून एका पोषकद्रव्याच्या अभावात आहे.

मानवी रोगाचे नाव बरेच नंतरचे आहे. १९८० मध्ये लुडविग व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील २० रुग्णांचे वर्णन केले. मद्यपानाने होणाऱ्या यकृतदाहासारखेच बदल मद्यपान न करणाऱ्यांमध्येही दिसतात, असे त्यांनी नोंदविले आणि त्या अवस्थेस 'मद्यपानेतर मेदजन्य यकृतदाह' असे नाव दिले. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंघटनांनी या रोगसमूहाचे नाव बदलून 'चयापचय-विकाराशी निगडित मेदयकृत रोग' असे केले. या नव्या व्याख्येनुसार यकृतातील मेदाबरोबरच वजन वा कंबरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक बिघाड असणे आवश्यक आहे. हा बदल वरवर नावाचा वाटला, तरी प्रयोगशाळेतील उंदराची परीक्षा घेण्याचे एक साधन त्यातून मिळते.

कोलीन व मेथिओनिन नसलेला आहार :
आजही मोठ्या प्रमाणावर वापरला जाणारा एक आहार म्हणजे मेथिओनिन आणि कोलीन वगळलेला आहार. त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. काही आठवड्यांतच उंदराच्या यकृतात मेद, दाह आणि पुढे तंतुभवन, म्हणजे व्रणासारख्या तंतूंची वाढ, हे सारे दिसू लागते. विद्यावाचस्पती पदवीच्या ठराविक मुदतीत किंवा लहान अनुदानात प्रयोग पूर्ण होतो.

परंतु हे घडते कसे, ते पाहणे आवश्यक आहे. यकृत आपल्याकडील मेद लहान कणांच्या रूपात रक्तात पाठविते. त्या कणांचे आवरण तयार होण्यास फॉस्फॅटिडिलकोलीन लागते. कोलीन व मेथिओनिन दोन्ही नसल्यास हे आवरण पुरेसे तयार होत नाही आणि मेद यकृतातच अडकून पडतो. थोडक्यात, येथे बाहेर जाण्याचे दार बंद केलेले असते. मानवी रोगात मात्र मुख्य अडचण आत येणाऱ्या मेदाची आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉनेली व सहकाऱ्यांच्या अभ्यासात रुग्णांच्या यकृतातील ट्रायग्लिसराइडचा उगम शोधण्यात आला. त्यांपैकी सुमारे ५९ टक्के शरीरातील चरबीच्या साठ्यातून, २६ टक्के यकृतातच नव्याने तयार होऊन आणि केवळ १५ टक्के थेट आहारातून आलेला आढळला. इन्सुलिनरोधामुळे चरबीच्या पेशी आपला साठा रक्तात सोडत राहतात, हे या रोगाचे केंद्र आहे.

कोलीन-मेथिओनिन वगळलेल्या आहारावरील उंदीर नेमका याच्या उलट असतो. त्याचे वजन झपाट्याने घटते, रक्तशर्करा वाढत नाही, रक्तातील ट्रायग्लिसराइड कमी होतात आणि शरीराची इन्सुलिनला मिळणारी प्रतिसादक्षमता बिघडत नाही. २०२३ च्या व्याख्येची फूटपट्टी लावल्यास हा उंदीर या रोगाचा रुग्णच ठरत नाही. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की, ते लठ्ठपणाच्या आजाराचे उंदीर नव्हतेच. यकृतातील दाहाचा आणि तंतुभवनाचा अभ्यास म्हणून तो प्रयोग कदाचित ग्राह्य असेल. पण लठ्ठपणा आणि मधुमेहाची प्रस्तावना त्याला शोभणारी नव्हती.

कोलीनविरहित आहारातच भरपूर मेद घालण्याचा पर्याय नंतर पुढे आला. त्यात उंदराचे वजन फारसे घटत नाही आणि तंतुभवन लवकर होते. तरीही दार बंद करण्याची मूळ युक्ती तीच राहते.

अतिमेद आहार आणि पाश्चात्त्य आहार :
दुसऱ्या टोकाला ६० टक्के ऊर्जा मेदातून देणारा आहार आहे. या आहारावर उंदीर लठ्ठ होतो, त्याच्यात इन्सुलिनरोध निर्माण होतो, यकृतात मेद साठतो. कारणांचा क्रम माणसासारखा आहे. परंतु रोग पुढे सरकत नाही. अनेक महिन्यांनंतरही दाह सौम्य आणि तंतुभवन अत्यल्प राहते. रुग्णाचे आयुष्य मात्र तंतुभवनाच्या पायरीवरच ठरते.

या दोन टोकांमधील दरी भरून काढण्यासाठी 'पाश्चात्त्य आहार' तयार झाले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रतिमानात उंदरांना ट्रान्स मेदयुक्त खाद्य आणि गोड पाणी दिले गेले. एवढेच नव्हे, तर त्यांची हालचाल कमी व्हावी म्हणून पिंजऱ्यातील जाळीही काढून टाकण्यात आली. त्याला दिलेले नावच अमेरिकन जीवनशैलीजन्य लठ्ठपणाचे होते. पुढे प्रचलित झालेल्या एका आहारात ४० टक्के ऊर्जा ट्रान्स मेदासह मेदातून, २२ टक्के फ्रुक्टोज आणि २ टक्के कोलेस्टेरॉल असे प्रमाण ठरले. अमेरिकेत ट्रान्स मेदावर २०१५ मध्ये निर्बंधाचा निर्णय झाल्यावर त्या आहारातील ट्रान्स मेदाच्या जागी पामतेल आले. बाजारातील कायद्याबरोबर प्रयोगशाळेतील 'रोग' घडविण्याची कृतीही बदलावी लागली, हे उदाहरण बोलके आहे.

२ टक्के कोलेस्टेरॉल म्हणजे किती, याचा साधा हिशेब करून पाहावा. दिवसाला अर्धा किलो कोरडे अन्न खाणाऱ्या माणसासाठी हे प्रमाण १० ग्रॅम होते. एका अंड्यात साधारण २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल धरल्यास ती रोजची ५० अंडी झाली. माणूस आणि उंदीर यांचे कोलेस्टेरॉल हाताळण्याचे मार्ग भिन्न असल्याने हा हिशेब काटेकोर तुलना म्हणून घेऊ नये. तथापि 'पाश्चात्त्य आहार' हे नाव वाचून कोणाच्या ताटाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे, याचा विचार त्यामुळे करता येतो.

तरीही या आहारांचे श्रेय नाकारता येणार नाही. २०२४ मध्ये युरोपीय संशोधकांच्या एका संघाने ३९ उंदीर-प्रतिमानांची मानवी रोगाशी असलेली जवळीक गुण देऊन तपासली. पाश्चात्त्य आहारावरील उंदीर मानवी रोगाच्या अधिक जवळ आढळले. कोलीनविरहित आहारांनी तंतुभवन लवकर दिले, पण त्यांची जवळीक तुलनेने कमी ठरली. मात्र पाश्चात्त्य आहारातही लक्षणीय तंतुभवन हवे असल्यास भरपूर कोलेस्टेरॉल, दीर्घ कालावधी किंवा जनुकीय बदल यांची जोड द्यावी लागते. जे लवकर मिळते ते दूरचे असते आणि जे जवळचे असते त्यास वेळ लागतो, असा या क्षेत्राचा व्यवहार आहे.

पिंजऱ्यातील न मोजलेले घटक :
आहाराची रचना सांगितली म्हणजे प्रयोग सांगितला, असे अनेकदा गृहीत धरले जाते. पुढील बाबी पाहता हे गृहीतक टिकत नाही.

पहिली बाब तुलनागटाची. प्रायोगिक गटास शुद्ध घटकांपासून बनविलेला अतिमेद आहार आणि तुलनागटास धान्य-भुशाचे नेहमीचे खाद्य, अशी विभागणी आजही आढळते. या दोन खाद्यांत केवळ मेदाचा नव्हे, तर तंतुमय पदार्थ, वनस्पतिजन्य संयुगे आणि शर्करेचाही फरक असतो. मग यकृतातील बदल मेदामुळे झाला, असे कशाच्या आधारे म्हणावे?

दुसरी बाब तापमानाची. प्रयोगशाळा साधारण २२ अंश सेल्सिअसवर ठेवल्या जातात; तेथे काम करणाऱ्या कपडे घातलेल्या माणसाला ते सुखावह असते. उंदराला मात्र सुमारे ३० अंश लागतात. थंडीत तो आपल्या ऊर्जेचा मोठा भाग ऊब निर्माण करण्यात खर्च करतो. २०१७ मध्ये जाइल्स व सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदरांना त्यांच्या सुखावह तापमानात ठेवल्यास त्याच आहारावर यकृताचा विकार अधिक तीव्र होतो. एरवी अतिमेद आहाराला दाद न देणाऱ्या माद्यांमध्येही तो दिसू लागतो. माद्या 'प्रतिरोधक' असल्याने केवळ नर वापरावेत, ही प्रथा कितपत जैविक आणि कितपत खोलीच्या तापमानाची, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

तिसरी बाब वंशाची. सर्वाधिक वापरला जाणारा 'सी५७ ब्लॅक ६' हा उंदीर एकच आहे असे मानले जाते. परंतु त्याच्या 'जे' या उपवंशात सूत्रकणिकेतील एका विकराच्या जनुकात नैसर्गिकरीत्या मोठी त्रुटी निर्माण झाली आहे. 'एन' उपवंशात ती नाही. नावाच्या शेवटचे हे अक्षर निबंधात गाळले गेल्यास चयापचयाच्या प्रयोगातील एक महत्त्वाची माहिती हरवते.

चौथी बाब वेळेची. उंदीर निशाचर आहे. पण सतत उपलब्ध असलेल्या मेदयुक्त खाद्यामुळे तो दिवसाही खात राहतो. २०१२ मध्ये सच्चिदानंद पांडा यांच्या प्रयोगशाळेने तेच अतिमेद खाद्य रात्रीच्या आठ तासांपुरते मर्यादित केले. उंदरांनी ऊर्जा तेवढीच घेतली, तरी लठ्ठपणा आणि यकृतातील मेदसंचय यांपासून त्यांचा बचाव झाला. आहार म्हणजे केवळ खाद्याची गोळी नव्हे, तर खाणे ही क्रियाही होय, असा याचा अर्थ घ्यावा लागतो.

प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत :
या त्रुटींची किंमत कोण मोजतो? २०१३ मध्ये एलाफिब्रॅनॉर या औषधाने कृंतक प्राण्यांच्या प्रतिमानांत, त्यात कोलीन-मेथिओनिन वगळलेला आहारही होता, यकृताचे रक्षण केल्याचे प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये त्याच्या तिसऱ्या टप्प्यातील मानवी चाचणीचे अंतरिम निष्कर्ष आले. तंतुभवन न वाढता यकृतदाह निवळण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १९.२ टक्के, तर निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत १४.७ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. सेलोन्सर्टिब या औषधाच्या मोठ्या चाचण्याही २०१९ मध्ये अपयशी ठरल्या. एलाफिब्रॅनॉर २०२४ मध्ये पित्तवाहिन्यांच्या एका वेगळ्याच यकृतविकारासाठी अमेरिकेत मान्य झाले. म्हणजे औषध निरुपयोगी नव्हते, परंतु उंदराने या रोगाबाबत दिलेले आश्वासन खरे ठरले नाही.

अर्थात अपयशाचे सारे खापर उंदराच्या माथी फोडणे अन्यायाचे होईल. मानवी चाचणीत रुग्णांची निवड, ऊतक-परीक्षणातील मतभिन्नता आणि निष्प्रभ गोळीनेही दिसणारी सुधारणा यांचा वाटा असतो. तरीही काळाचा फरक विसरता येत नाही. माणसात यकृतदाह असताना तंतुभवनाची एक पायरी चढण्यास सरासरी सात वर्षे लागतात, असे २०१५ मधील एका एकत्रित विश्लेषणाने दाखविले. उंदरात ते काही आठवड्यांत घडविले जाते आणि आहार बदलला की पुष्कळदा ओसरतेही. घाईने उभी केलेली भिंत पाडणे सोपे असते.

२०२४ च्या मार्चमध्ये रेस्मेटिरॉम आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सेमाग्लुटाइड यांना मध्यम ते प्रगत तंतुभवन असलेल्या, मात्र सिरोसिस न झालेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. १९८० पासून मोजल्यास पहिल्या औषधास ४४ वर्षे लागली. ही मान्यता मानवी ऊतक-परीक्षणाच्या आधारे मिळाली आहे, उंदराच्या यकृताच्या आधारे नव्हे.

भारतीय रुग्ण आणि परक्या ताटातील आहार :
येथपर्यंतची चर्चा सर्वसाधारण स्वरूपाची होती. भारतीय संशोधकाला तिच्यात एक अधिकचा मुद्दा जोडावा लागतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पश्चिम बंगालमधील ग्रामीण पाहणीत १,९११ व्यक्तींपैकी ८.७ टक्के व्यक्तींच्या यकृतात मेद आढळला. त्यांपैकी ५४ टक्के व्यक्तींचे वजन अधिक नव्हते आणि पोटही सुटलेले नव्हते. अशा रुग्णाला अतिखाण्यावरून बोल लावणे किंवा त्याच्यासाठी अमेरिकन लठ्ठपणाचा उंदीर पुरेसा मानणे, दोन्ही गैर ठरते.

महाराष्ट्रातील संशोधनाने या कृश रुग्णाकडे पाहण्याची एक दिशा दिली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ असा सारखा होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते. ती बालके स्नायूंनी कमी, पण त्वचेखालील मेद त्या मानाने टिकवून असलेली आढळली. म्हणजे कृश दिसणाऱ्या शरीरातील मेदाची कहाणी ताटापूर्वी, गर्भात सुरू होत असावी, असे मानण्यास आधार आहे.

हा प्रश्न प्राण्यात विचारता येत नाही असे नाही. २०१५ मध्ये हार्डीकर व सहकाऱ्यांनी ५० पिढ्या कुपोषित राहिलेल्या विस्टार जातीच्या मोठ्या उंदरांचा, म्हणजे रॅटचा, अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात लठ्ठपणा व मधुमेहाकडे वाढलेला कल दोन पिढ्या सकस आहार देऊनही पूर्ववत झाला नाही. हा अभ्यास यकृतापुरता नव्हता. त्याची पद्धत मात्र आपल्यासाठी महत्त्वाची आहे. तेथे आधी येथल्या लोकसंख्येचा प्रश्न ठरला आणि मग त्यास अनुरूप प्राणी निवडला गेला. आपल्याकडील अनेक लहान प्रयोगांत क्रम उलटा असतो : आधी खाद्य मागविले जाते आणि मग प्रस्तावनेत भारतातील मधुमेहाचा उल्लेख जोडला जातो.

२०२१ मध्ये केंद्र शासनाने असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मेदयुक्त यकृताचा समावेश केला. प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत हा आजार शोधला जाणार असेल, तर तेथे येणाऱ्या कृश शेतमजुराचे यकृत समजून घेणे ही केवळ वैज्ञानिक कुतूहलाची बाब राहत नाही.

समारोप :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. आहार हे रोग घडविण्याचे केवळ साधन नसून तो प्रायोगिक रोगाची व्याख्याच ठरवितो. म्हणून निबंधाच्या शीर्षकात किंवा किमान सारांशात आहाराचे नाव असावे.
२. कोलीन-मेथिओनिन वगळलेल्या आहारावरून दाह व तंतुभवनाविषयी बोलावे. लठ्ठपणा, मधुमेह किंवा इन्सुलिनरोधाविषयी बोलू नये.
३. तुलनागटाचे खाद्य, खोलीचे तापमान, उंदराचे लिंग व उपवंश आणि खाण्याची वेळ यांची नोंद नसलेला निबंध अपूर्ण मानावा.
४. वनस्पतिजन्य अर्काने एका आहारावरील उंदराचे यकृत सुधारले, एवढ्यावरून 'फॅटी लिव्हरवर गुणकारी' असा दावा करू नये. रुग्ण असे दावे वाचतात आणि त्यावर पैसे व वेळ खर्च करतात.
५. कृश भारतीय रुग्णासाठी जन्मपूर्व कुपोषण आणि नंतरचा बदललेला आहार यांना एकत्र आणणाऱ्या प्रतिमानांची गरज आहे.

महाविद्यालयीन पातळीवर असे दीर्घ प्रयोग करणे अवघड आहे, याची प्रस्तुत लेखकाला जाणीव आहे. प्राणिगृह, नैतिक समितीची परवानगी आणि खाद्याचा खर्च या साऱ्याच मर्यादा आहेत. परंतु वाचनाला यांपैकी कोणतीही मर्यादा नाही. निबंधातील तक्त्यातील वजनाचा रकाना पाहून 'मग हा आजार कोणता?' असे विचारण्यास प्राणिगृह लागत नाही. प्रत्येक प्रयोगात उंदराचा जीव जातो. त्या जिवाच्या बदल्यात मिळालेले उत्तर नेमक्या कोणत्या प्रश्नाचे आहे, हे सांगणे संशोधकाचे कर्तव्य आहे आणि ते विचारणे विद्यार्थ्याचा अधिकार आहे. तो अधिकार बजावणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न या लेखास कारणीभूत ठरला, याचा येथे कृतज्ञतापूर्वक उल्लेख करणे उचित ठरेल.